जॅझ ऐकायला बसताना: पियानो, गिटार आणि गळा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी एरंडवण्यातल्या आमच्या घरी दहा-बारा जण जमतात. सतरंजी अंथरतो, चहा होतो आणि जॅझची एक रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. मधे कोणी बोलत नाही, बोलणं सगळं नंतर. त्या गप्पांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघाले ते इथे एकत्र केले आहेत. आमच्याकडे येणारे बहुतेक जण सवाई गंधर्वच्या मांडवात रात्री जागवलेले, ख्यालात मुरलेले. उत्तरं त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

मी लहानपणापासून शास्त्रीय संगीत ऐकतोय. तरी जॅझ लावलं की नुसता गोंधळ वाटतो. माझं काय चुकतंय?

चुकत काहीच नाही. आपला कान मुख्य कलाकाराला धरून चालतो. साथ मागे असते आणि ती मागेच असावी असं आपण धरून चालतो. जॅझमध्ये साथ पुढे येते, अडवते, प्रश्न विचारते, कधी मुख्य कलाकाराच्या आधी पुढच्या जागेवर जाऊन उभी राहते. तुम्ही एकालाच धरून ऐकलंत तर बाकीचे तिघे गोंधळ घालताहेत असंच वाटणार.

पण ही गोष्ट तुम्हाला अगदीच नवी नाही. आप्पा जळगावकरांची पेटी ज्यांनी मैफलीत समोर बसून ऐकली आहे त्यांना आठवत असेल. गवयाने एखादी जागा घेतली की आप्पा ती तशीच्या तशी परत न देता तिच्यातलं निम्मंच घ्यायचे आणि उरलेलं मोकळं सोडायचे. त्या मोकळ्या जागेत गवयाला पुढचं सुचायचं. जॅझमधला चांगला पियानोवादक साथीला बसला की हेच करतो. म्हणून सगळ्यांना माझं पहिलं सांगणं एकच: साथ ऐका. पुढच्या सगळ्या उत्तरांत हेच फिरून फिरून येणार आहे.

सुरुवात कोणत्या अल्बमने करू? एकच नाव सांगा.

ऑस्कर पीटरसनच्या त्रयीचा 'नाइट ट्रेन'. डिसेंबर १९६२ मध्ये ध्वनिमुद्रित झाला, १९६३ साली बाजारात आला. पियानोवर पीटरसन, बासवर (खर्जाच्या मोठ्या तंतुवाद्यावर) रे ब्राउन, ड्रम्सवर एड थिगपेन. ठेका सरळ आहे, तुकडे छोटे आहेत आणि तिघांचं वाजवणं इतकं स्वच्छ आहे की कोण काय करतंय ते पहिल्या ऐकण्यातच वेगळं काढता येतं.

त्यातलं 'सी जॅम ब्लूज' आधी लावा. ही ड्यूक एलिंग्टनची रचना. तिची अख्खी धून दोनच सुरांची आहे: पंचम आणि वरचा षड्ज. प, प, प, सा. एवढ्याशा भांडवलावर पुढचा सगळा विस्तार उभा राहतो. बंदिश लहान आणि गाणं मोठं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

यात सम कुठे असते?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे. आमच्या सोसायटीत एक काका आहेत, उभा जन्म तबला शिकवला. पहिल्यांदा आले तेव्हा दहा मिनिटं डोळे मिटून बसले होते. मग गुडघ्यावर बोटं मोजायला लागले. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांनी बरोबर जागेवर हात उचलून खाली आणला आणि म्हणाले, "अहो, ही काय सम. अठ्ठेचाळीस मात्रांनी येतेय."

ते तंतोतंत बरोबर होतं. ब्लूज हा जॅझमधला एक साचा. त्याचं आवर्तन बारा खंडांचं असतं, प्रत्येक खंडात चार मात्रा. म्हणजे ४८. अतिविलंबित एकतालात बारा मात्रा आणि प्रत्येक मात्रेच्या पोटात चार, तोच हिशेब. फरक एवढाच की इथे आवर्तन कुठवर आलं ते ठेक्याच्या बोलांवरून कळत नाही, कॉर्डवरून, म्हणजे एकदम वाजणाऱ्या तीन-चार सुरांच्या जुळणीवरून, कळतं. पहिले चार खंड षड्जावर. पाचव्याला मुक्काम मध्यमावर हलतो. सातव्याला परत षड्ज. नवव्यापासून पंचमाच्या वाटेने उतरायला लागतो आणि अकराव्याला घरी. 'सी जॅम ब्लूज' लावून बासकडे कान ठेवा. पाचव्या खंडात जमीन हलल्याचं एकदा जाणवलं की नंतर ते विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

दुसरा मोठा साचा ३२ खंडांचा. आठ खंडांची ओळ, तीच पुन्हा, मग आठ खंड वेगळ्या मुलखात, मग पहिली ओळ परत. त्या वेगळ्या आठ खंडांना तुम्ही अंतरा म्हणालात तर कोणी भांडणार नाही. हे १२८ मात्रांचं आवर्तन पुन्हा पुन्हा फिरतं आणि त्यावर प्रत्येक जण आपापली पाळी आली की उपज करतो.

फक्त पियानो, गिटार आणि गळाच का? जॅझ म्हटलं की सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट आधी आठवतात.

दोन कारणं आहेत. पियानो आणि गिटार ही दोन्ही वाद्यं पुढेही बसतात आणि साथीलाही. साथ ऐकायला शिकायचं तर त्यांच्याशिवाय गत्यंतर नाही. गळ्याला तर साथ लागतेच.

दुसरं कारण मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. ब्लूजमधला जो खास सूर, त्याला ब्लू नोट म्हणतात, तो कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी राहतो. गळा तिथे सहज जातो. गिटारवर तार ओढून जाता येतं. पियानोवर जाताच येत नाही, पट्ट्या पक्क्या आहेत. याच दोषासाठी आपल्याकडे पेटीला आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी होती. तेव्हा ज्या वाद्यात मींड नाही त्यावर लोकांनी मींडेचा भास कसा उभा केला, हे ऐकणं पेटीवर प्रेम करणाऱ्या माणसाला फार जवळचं वाटावं.

थेलोनियस मंक चुकीच्या पट्ट्या दाबतो का?

नाही. वरचंच उत्तर पुढे नेतो. मंकला कोमल आणि शुद्ध यांच्या मधला सूर हवा असतो. तो पट्टीवर नाही. मग तो शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबतो आणि त्या घासण्यातून मधला सूर कानात तयार होतो. पहिल्यांदा ऐकताना दात शिवशिवतात. चार वेळा ऐकलं की त्या जागेची वाट पाहायला लागता.

सुरुवात 'थेलोनियस हिमसेल्फ'ने करा. १९५७ सालचा हा अल्बम जवळजवळ पूर्ण एकट्याच्या पियानोचा आहे, त्यामुळे तो थांबतो कुठे आणि किती वेळ, ते स्वच्छ ऐकू येतं. मग 'मंक्स ड्रीम'. 'ब्रिलियंट कॉर्नर्स' सगळ्यात शेवटी. त्याची शीर्षक-रचना इतकी अवघड निघाली की सनी रोलिन्स आणि मॅक्स रोच यांच्यासारखे वादक असूनही २५ वेळा प्रयत्न करून एकही टेक (एका दमातलं मुद्रण) सलग जमला नाही. शेवटी निर्मात्याने तुकडे जोडून ती पुरी केली.

बिल इव्हान्सबद्दल तुम्ही तासभर बोलता. एवढं काय आहे त्यात?

२५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड नावाचा तळघरातला क्लब. पियानोवर बिल इव्हान्स, बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच बैठका झाल्या आणि त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण दोन अल्बममध्ये आलं: 'संडे अॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' आणि 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५.

मी तासभर बोलतो ते या दुःखामुळे नव्हे, लाफारोच्या वाजवण्यामुळे. तोवर बासचं काम ठेका धरायचं, तबल्याला लेहरा (तीच तीच सुरावट) धरणाऱ्यासारखं. लाफारो तसं करत नाही. इव्हान्सने एक ओळ अर्धी सोडली की बास ती वर उचलतो, तिचं दुसरंच काहीतरी करतो, आणि इव्हान्स ते ऐकून स्वतःची पुढची ओळ बदलतो. ठेका कोणीच उघडपणे धरत नाही आणि तरीही तो एकदाही सुटत नाही. मोशन झांजेवर ब्रश फिरवत असतो, एवढंच.

'वॉल्ट्झ फॉर डेबी'तलं पहिलं, 'माय फूलिश हार्ट', रात्री दिवे मालवून ऐका. पहिल्या मिनिटात ग्लासांची किणकिण ऐकू येते. मागे कोणीतरी बोलतंय. ते लोक एका क्लबमध्ये रविवार घालवायला आले होते, समोर काय घडतंय याची त्यांना कल्पना नव्हती. माझ्याकडे येणाऱ्या एक काकू म्हणाल्या, त्या किणकिणीमुळेच आपण तिथे बसलोय असं वाटतं. मला ते पटतं. नंतर निघालेल्या संपूर्ण संचात पहिल्या बैठकीतलं पहिलंच वादन मधेच तुटतं. वीज गेली होती.

एक काळजी घ्या. फोनवर शोधलंत तर याच अल्बममध्ये एकेका रचनेचे दोन-दोन टेक लागोपाठ लावलेले सापडतील. आधी मूळच्या सहाच रचना ऐका: 'माय फूलिश हार्ट', 'वॉल्ट्झ फॉर डेबी', 'डीटूर अहेड', 'माय रोमान्स', 'सम अदर टाइम', 'माइलस्टोन्स'. अल्बमचा चढउतार या सहांत आहे.

'द क्योल्न कॉन्सर्ट' खरोखरच आयत्या वेळी सुचलेलं आहे का?

हो. २४ जानेवारी १९७५, जर्मनीतल्या कलोन (क्योल्न) शहराचं ऑपेरा हाउस. कीथ जॅरेट एकटा. आयोजक व्हेरा ब्रांडेस अवघी १८ वर्षांची. मागितलेला मोठा पियानो आलाच नाही. जो होता तो छोटा, सरावाचा, वरचे सूर किरकिरे आणि खर्ज पोकळ. जॅरेटची पाठ दुखत होती, झोप झालेली नव्हती. तो परत निघाला होता, त्या मुलीने विनवणी करून थांबवलं.

आता हे माहीत असताना ऐका. तो मधल्या सप्तकात घोटाळत राहतो, कारण पियानो तिथेच बरा वाजतोय. खर्जाला जीव नाही म्हणून डाव्या हाताने तेच तेच आवर्तन ठोकत राहतो, आणि त्यातूनच ती गुंगी तयार होते. खराब तंबोऱ्यावर बसायची वेळ आलेल्या गवयाला हे कळेल. सुमारे ६६ मिनिटांचं वादन आहे, एका बैठकीत ऐका. आलाप आवडणाऱ्यांना हा अल्बम सगळ्यात लवकर जवळचा वाटतो असा माझा अनुभव आहे.

पियानोचे आणखी?

अहमद जमालचा 'अॅट द पर्शिंग', १९५८, शिकागो. जागा सोडणं म्हणजे काय ते त्यात ऐका. 'पॉइन्सियाना'मध्ये तो कित्येक ठिकाणी हात उचलून नुसता बसतो आणि ड्रम्सला बोलू देतो. एरोल गार्नरचा 'कॉन्सर्ट बाय द सी', १९५५: मुद्रण खरखरीत आहे, आनंद मात्र ओसंडतोय. ड्यूक एलिंग्टनचा 'मनी जंगल', १९६२: तीन मोठी माणसं एकमेकांशी भांडल्यासारखी वाजवतात, शांत संध्याकाळी लावू नका. हर्बी हॅन्कॉकचा 'मेडन व्हॉयेज' आणि मॅकॉय टायनरचा 'द रिअल मॅकॉय' या दोन्हींत वाऱ्याची वाद्यं आहेत, पण लगाम पियानोच्या हातात आहे. आजच्यांपैकी विजय अय्यरचा 'हिस्टॉरिसिटी', २००९.

झपताल-रूपक आवडणाऱ्यांसाठी काही?

डेव्ह ब्रूबेकचा 'टाइम आउट', १९५९. 'ब्लू रोंडो आ ला तुर्क' नऊ मात्रांचं आहे: दोन-दोन-दोन-तीन. ब्रूबेकने हा ठेका १९५८ च्या दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकला होता. त्याच दौऱ्यात तो भारतातही येऊन गेला. 'टेक फाइव्ह' पाचाचं, तीन अधिक दोन. त्यात पियानो ऐका: ब्रूबेक जवळजवळ अख्खी रचनाभर तीच दोन कॉर्डची फिरत धरून बसतो, सोलो ड्रमरला देतो आणि स्वतः हलत नाही. स्वतःच्या नावाच्या अल्बममध्ये नगमा (लेहरा) धरून बसायला मन मोठं लागतं.

गिटारमध्ये पहिलं नाव कोणाचं?

वेस मंटगमरी. अल्बम 'द इन्क्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस मंटगमरी', १९६०. इंडियानापोलिसचा माणूस, स्वतःच शिकलेला, मोठा संसार, दिवसभर नोकरी आणि रात्री वादन. नखी वापरायचा नाही, नुसत्या अंगठ्याने छेडायचा. घरात सराव करताना कोणाला त्रास नको म्हणून ही सवय लागली असं सांगतात. कारण काहीही असो, सूर मात्र असा गोल निघतो की आघात ऐकूच येत नाही.

त्यातलं 'वेस्ट कोस्ट ब्लूज' घ्या. आधी तो एकेका सुराने वाजवतो. काही आवर्तनं झाली की सूर सप्तकाच्या जोडीने वाजायला लागतात, मंद्र आणि मध्य एकदम. मग शेवटच्या टप्प्यात पूर्ण कॉर्डच चालायला लागतात. म्हणजे आलाप, बोलआलाप, ताना अशी पायरी-पायरीने बढत. कुठल्याही एका पायरीवर तो घाई करत नाही. हे ऐकून आमच्यातल्या एकाने गिटार शिकायला घेतली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी.

आणि वेसनंतर?

केनी बरेलचा 'मिडनाइट ब्लू', १९६३. यात पियानो नाहीच, त्याऐवजी रे बरेटोचा कोंगा (हाताने वाजवायचा उभा ढोल) आहे. तबल्याची सवय असलेल्या कानाला कोंग्यामुळे फार लवकर घरचं वाटतं.

ग्रँट ग्रीनचा 'आयडल मोमेंट्स'. शीर्षक-रचना जवळजवळ पंधरा मिनिटांची आहे, आणि ती तशी ठरवलेली नव्हती. धून १६ खंडांची. ती १६ ची धरायची की दोनदा घेऊन ३२ ची, यावर वादकांचा समज वेगवेगळा झाला आणि प्रत्येकाने दुप्पट वाजवलं. पण वादन इतकं उतरलं होतं की तेच ठेवलं, आणि रेकॉर्डवर जागा व्हावी म्हणून दुसऱ्या दोन रचना पुन्हा, छोट्या करून मुद्रित केल्या. विलंबित आवडत असेल तर हा पावसाळ्यातल्या रात्रीचा अल्बम आहे.

जिम हॉल आणि बिल इव्हान्स यांचा 'अंडरकरंट', १९६२. फक्त गिटार आणि पियानो. दोन्ही कॉर्डची वाद्यं, म्हणजे एकमेकांच्या पायात पाय येण्याचा धोका. 'माय फनी व्हॅलेंटाइन'मध्ये इव्हान्स वाजवत असताना हॉल मागून चार-चारच्या ठेक्यात कॉर्ड छेडत राहतो, हळू आवाजात, आणि गिटार अचानक ड्रम्सची जागा घेते. साथ म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी हे लावतो.

जँगो राइनहार्टचं स्वतंत्र उत्तर द्यायला हवं, पण थोडक्यात: १९२८ साली राहत्या गाडीला आग लागून डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या दोघांवर त्याने जे वाजवलं ते आज चार बोटांनी लोकांना जमत नाही. त्याच्या काळात अल्बम नव्हते, तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या होत्या. तेव्हा संकलनच घ्या आणि त्यात १९३७ चं 'मायनर स्विंग' आहे ना ते बघा. जो पासचा 'व्हर्चुओसो' एकट्या गिटारचा, १९७३ चा, शिकणाऱ्यांसाठी. पॅट मेथेनीचा 'ब्राइट साइझ लाइफ', १९७६.

'शक्ती'ला जॅझ म्हणायचं का?

'शक्ती' हा वादकांचा एक संच. गिटारवरचा जॉन मॅक्लॉक्लिन जॅझमधून आला, व्हायोलिनवरचे एल. शंकर आणि घटमवरचे विनायकराम कर्नाटक संगीतातून, झाकीर हुसेन आपल्या तबल्यातून. नाव काय द्यायचं यावर मी वाद घालत नाही. १९७६ चा पहिला अल्बम प्रत्यक्ष मैफलीतला आहे. त्यातल्या 'जॉय'मध्ये शेवटची सवाल-जवाबाची मिनिटं ऐका. झाकीरभाई मॅक्लॉक्लिनचं वाक्य पुरं होण्याआधी ओळखतात आणि तरी ते त्याला पुरं करू देतात. १५ डिसेंबर २०२४ ला ते गेले त्यानंतरच्या बैठकीत आम्ही हेच लावलं होतं.

इंग्रजी गाण्यातले शब्द मला पटकन कळत नाहीत. गायकांचे अल्बम कसे ऐकू?

ब्रज बंदिशींचे सगळे शब्द आपल्याला कुठे कळतात? सूर आधी ऐका, शब्द तिसऱ्या-चौथ्या वेळी आपोआप कानात बसतात. सुरुवातीला 'एला अँड लुई' घ्या, १९५६. एला फिट्झजेराल्डचा आरसपानी आवाज आणि लुई आर्मस्ट्राँगचा खडबडीत, दोघंही शब्द स्पष्ट म्हणतात. मागे पुन्हा ऑस्कर पीटरसनच आहे. 'नाइट ट्रेन'मध्ये पुढे असलेला तोच माणूस इथे किती कमी वाजवतो ते पाहा.

स्कॅट म्हणजे आपली सरगम का?

सरगमपेक्षा तराण्याला जवळ. अर्थ नसलेली अक्षरं आणि वाद्यासारखी फेक. एलाचा 'मॅक द नाइफ: एला इन बर्लिन' ऐका. १३ फेब्रुवारी १९६०, बर्लिन. 'मॅक द नाइफ' गाताना ती मधेच शब्द विसरली. थांबली नाही. विसरल्याचंच गाणं करून, त्याच चालीत, यमकं जुळवत, मधे आर्मस्ट्राँगची नक्कल करत तिने ते पुरं केलं. या गाण्यासाठी तिला ग्रॅमी मिळालं. त्याच मैफलीतलं 'हाउ हाय द मून' हे सात मिनिटांचं स्कॅट आहे. गिटारवर कोण, तर 'अंडरकरंट'वाला जिम हॉल.

सारा व्हॉनचा १९५४ सालचा, क्लिफर्ड ब्राउनच्या ट्रम्पेटबरोबरचा अल्बमही याच वेळी ऐका. 'लल्लबाय ऑफ बर्डलँड'मध्ये ती गळ्याने वाद्यांच्या रांगेत जाऊन उभी राहते.

बिली हॉलिडेचा आवाज मला आवडला नाही. चूक करतोय का?

तुम्ही बहुतेक 'लेडी इन सॅटिन' आधी ऐकलात. तो १९५८ चा, ती १९५९ मध्ये गेली. आवाज पार फाटला होता. तो अल्बम तिच्या सगळ्या आयुष्याच्या शेवटी ऐकायचा आहे. आधी १९३०च्या दशकातली, टेडी विल्सनच्या पियानोबरोबरची मुद्रणं घ्या. गळ्याचा पल्ला लहान, पण प्रत्येक शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवायची जी नजाकत आहे ती दुसऱ्या कोणाकडे नाही. समेच्या जरा मागे येऊन सम दाखवणारे गवई आपण पाहिले आहेत. लेस्टर यंगचा सॅक्सोफोन तिच्या दोन ओळींच्या मधे बोलतो. मग 'लेडी इन सॅटिन' लावा.

पुरुष गायक?

'जॉन कोल्ट्रेन अँड जॉनी हार्टमन', १९६३. सहा गाणी, अर्ध्या तासाचा ऐवज. 'माय वन अँड ओन्ली लव्ह'मध्ये कोल्ट्रेन आधी पूर्ण चाल सॅक्सोफोनवर वाजवतो. हार्टमन दोन मिनिटं गप्प. मग तो गायला लागतो तेव्हा चाल आपल्या ओळखीची झालेली असते आणि तरीही पहिल्यांदाच ऐकतोय असं वाटतं. नॅट किंग कोलचा 'आफ्टर मिडनाइट' आणि 'चेट बेकर सिंग्स' यानंतर.

गायिका स्वतःच पियानोवर बसते असा अल्बम आहे का?

नीना सिमोनचा 'लिटल गर्ल ब्लू'. तिला अभिजात पियानोवादक व्हायचं होतं. 'लव्ह मी ऑर लीव्ह मी' गाता गाता ती मधेच बाखच्या पद्धतीचं वाजवायला लागते, दोन हात दोन वेगळ्या चाली घेऊन एकमेकांच्या मागे धावतात, आणि ठेका तसाच चालू असतो. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उठून सुई पुन्हा मागे ठेवली होती.

शर्ली हॉर्नचा 'यू वोन्ट फर्गेट मी', १९९१. इतकी ठाय लय की दुसरा कोणी साथीला बसला तर घाई करेल, म्हणून तिची स्वतःची साथच तिला पुरते. आजच्या काळातला सेसील मॅक्लोरिन साल्व्हांचा 'द विंडो', २०१८, जवळजवळ पूर्ण गळा आणि सलिव्हन फोर्टनरचा पियानो एवढ्यावरच आहे.

आपल्याकडच्या लोकांनी जॅझ केलंय का?

भरपूर, आणि ते आपल्या कानावरून गेलेलं आहे. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेचे कृष्णवर्णीय वादक येऊन राहिले. पियानोवादक टेडी वेदरफर्ड त्यातलाच. तो १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी हे उचललं आणि तेच वादक दिवसा हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात बसायचे. सी. रामचंद्र, आपले पुणतांब्याचे चितळकर, त्यांच्या 'अलबेला'तली (१९५१) गाणी पुन्हा ऐका. त्यात चिक चॉकलेट या गोवेकर ट्रम्पेटवाल्याचा हात आहे. तुमच्या आईवडिलांना स्विंग (जॅझचा झुलता ठेका) पाठ होतं, नाव माहीत नव्हतं.

अल्बम हवे असतील तर गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा यांचा 'इंटिग्रेशन' आणि जो हॅरियटबरोबरचा 'हम दोनो', दोन्ही १९६९ चे, लंडनमध्ये केलेले. आणि मुंबईच्या आशा पुथली. त्यांनी अमेरिकी सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन'मध्ये दोन गाणी गायली आहेत. संगीत बिकट आहे, पण त्यांचा आवाज त्या कल्लोळावर कसा तरंगत राहतो ते ऐकण्यासारखं आहे.

पुण्यात जुन्या रेकॉर्ड मिळतात का? घेताना काय पाहायचं?

जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी सकाळी लवकर गेलात तर कधीमधी सापडतं. जॅझ क्वचितच. वेष्टनावर विसंबू नका, तबकडी बाहेर काढून मधलं लेबल वाचा. मी एकदा घाईत पीटरसनचं वेष्टन पाहून पैसे दिले, घरी येऊन पाहिलं तर आत दुसरंच काही होतं, आणि विकणाऱ्याने ती परत घेतली नाही. उजेडात तिरकी धरून चरे पाहा. नख लागेल असा चरा असेल तर सोडून द्या.

आपल्या पावसाळ्यात तबकडीवर पांढरी बुरशी धरते. एलपी असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाकून मऊ फडक्याने गोल दिशेने पुसा, मग नुसत्या पाण्याने, मग सावलीत उभी वाळवा. ७८ च्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट अजिबात लावू नका, लाख विरघळते.

फोनवर ऐकलं तर चालेल का?

चालेल, पण फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर नको. त्यात बास ऐकूच येत नाही, म्हणजे लाफारो आणि रे ब्राउन नाहीतच असं होतं. साधे वायरचे हेडफोन पुरेत. आणि 'कॉफी जॅझ' वगैरे नावाच्या याद्या लावून कामं करू नका. त्या ऐकू न येण्यासाठीच बनवलेल्या असतात.

एक अल्बम किती वेळा ऐकायचा?

आमच्या बैठकीत एक अल्बम एकदा होतो, पण जाताना प्रत्येकाला घरचा अभ्यास असतो. महिनाभर तोच ऐकायचा. एकदा नुसता. एकदा फक्त बासचं बोट धरून. एकदा फक्त ड्रम्सच्या झांजा. पियानो असेल तर एकदा फक्त डावा हात. मग पुन्हा नुसता.

तबलेवाले काका अजून येतात. परवा त्यांनी 'वॉल्ट्झ फॉर डेबी'चं शीर्षक वाजत असताना हात वर केला, थांबा म्हणून. सुरुवातीला तीन-तीनच्या मात्रेत चाललेली धून पुढे चार-चारच्या स्विंगमध्ये जाते, तो सांधा त्यांना पुन्हा ऐकायचा होता. आम्ही तो पाच वेळा लावला. पाचव्यांदा ते म्हणाले, "बासवाल्याने आधीच सांगितलं होतं रे, आपलंच लक्ष नव्हतं."